बीटी पऱ्हाटीमुळे तळ्यातल्या मासोळ्या मरतात का? हे तपासतात तरी कसं?

वावर_ते_वाडी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पूर्ण वाचा ही विनंती. आमचं वावर सावनेर तालुक्यात, मी नोकरीपायी वाडीला राहतो, शनिवार-रविवार घरी जातो. पाच एकर बीटी पऱ्हाटी (म्हणजे कापूस), दोन एकर तूर आणि उताराच्या खालच्या अंगाला शेततळं. पन्नी टाकलेली नाही, भारी काळी माती आहे, पाणी जानेवारीपर्यंत टिकते. मागच्या वर्षीपासून बाबा त्यात रोहू, कटला, मृगळचं बीज सोडतात. बाबांचा भलता जीव त्या तळ्यावर, सकाळ-संध्याकाळ कोंडा आणि ढेप घेऊन जायचे.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी दोन दिवस पावसाची झड लागली आणि तिसऱ्या दिवशी बाबा तळ्यावर गेले तर मासोळ्या पांढरं पोट वर करून काठाला लागलेल्या. दोन टोपले भरून काढल्या आणि खड्ड्यात पुरल्या. मला फोनवर फक्त एवढंच बोलले, "सगळं गेलं रे." त्या दिवशी ते जेवले पण नाही.

आता गावात चर्चा अशी की बीटीच्या पानातलं विष पाण्यासोबत तळ्यात उतरलं. आमचे मोठेबाबा म्हणतात, "ज्या पानानं अळी मरते त्या पानानं मासोळी काऊन नाही मरणार?" मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही कारण मला खरंच माहीत नाही. नेटवर बघितलं तर एक बाजू म्हणते एकदम सेफ, दुसरी बाजू म्हणते सगळं विष, मधलं कोणी काही सांगत नाही.

तर माझा प्रश्न दोन भागात आहे. एक, आमच्या तळ्यात जे झालं ते बीटीमुळे असू शकते का. आणि दुसरा जास्त महत्त्वाचा, असं जीन बदललेलं पीक पाण्यातल्या जिवांना धोक्याचं आहे की नाही हे शास्त्रज्ञ ठरवतात कसं, २००२ मध्ये बीटी पऱ्हाटीला परवानगी देताना कोणी मासोळ्यांचा विचार केला होता का? इथे कोणी झूलॉजी, फिशरीज, कृषीवाले असतील तर कृपया समजेल असं सांगा.

पाणपाखरू

दादा, वाचून फार वाईट वाटलं. मी एमएस्सी झूलॉजी केलंय, नागपूरच्या आसपासच्या नाल्यांतले किडे हाच माझा प्रोजेक्टचा विषय होता, तर जमेल तेवढं सांगते.

आधी मोठेबाबांचा प्रश्न, कारण तो अगदी नेमका आहे आणि तपासणीची सुरुवात याच प्रश्नाने होते. बीटी म्हणजे मातीतला एक जिवाणू, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याच्या जीनमुळे पऱ्हाटीच्या पेशीत क्राय१एसी नावाचं प्रथिन तयार होतं, २००६ नंतर आलेल्या बोलगार्ड टू बियाण्यामध्ये क्राय२एबी पण असतं. अळीचं आतडं अल्कधर्मी असतं, म्हणजे सोड्याच्या पाण्यासारखं, तिथे हे प्रथिन कामाला लागतं आणि आतड्याच्या भिंतीवर ठराविक जागा असतात त्यांना जाऊन चिकटतं, मग भिंतीला भोकं पडतात आणि अळी मरते. ही चिकटायची जागा प्रत्येक जीवात नसते. कुलूप-किल्लीसारखं समजा.

आता माशाबद्दल बरेच जण सांगतात की माशाच्या पोटात आम्ल असतं, त्यात हे प्रथिन पचून जातं, विषय संपला. पण रोहू, कटला, मृगळ, कॉमन कार्प या सगळ्या कार्प जातीच्या माशांना जठरच नसतं, अन्न थेट आतड्यात जातं! म्हणून "आम्लात पचतं" हे उत्तर आपल्या माशांना लागू होत नाही. कार्पच्या बाबतीत खरं कारण म्हणजे त्यांच्या आतड्यात या प्रथिनाला चिकटायची जागा मिळत नाही आणि आतड्यातले रस बाकी प्रथिनासारखं त्यालाही तोडतात. त्यामुळे बीटीच्या पानाने एका रात्रीत दोन टोपले मासे मरतील असं मला वाटत नाही, दुसरं कारण शोधा.

पण पाण्यात फक्त मासे नसतात ना! माझी काळजी तिथेच आहे. संध्याकाळी सविस्तर लिहिते, आता कॉलेजला निघाले.

तेलंगखेडीकर

भाऊ मी इथल्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयातून शिकलोय, आता मासेपालनवाल्यांना सल्ला द्यायचं काम करतो. बीटीकडे नंतर येऊ, आधी मासे कसे मेले ते नीट सांगा. एक, फक्त मोठे मेले की बोटाएवढे पण? दोन, पहाटे मेले की दिवसाढवळ्या? तीन, झिंगे, बेडकाची पिल्लं, पाणकिडे यांचं काय झालं? चार, मरायच्या आधी मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेत होते की वेड्यासारखे गोल गोल फिरत होते? आणि पाचवं, त्या आठवड्यात वरच्या अंगाला कोणी काय फवारलं?

हे विचारायचं कारण असं की पावसाच्या झडीत दोन-तीन दिवस ऊन नसलं की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू बनवत नाही उलट रात्री वापरते, त्यात कोंडा-ढेप तळाशी सडत असते, मग पहाटे प्राणवायू एकदम कमी होतो. लिटरला ५ मिलिग्रॅम पाहिजे, ३ च्या खाली गेला की मासे वर येऊन हापापतात. यात आधी मोठे मासे मरतात कारण त्यांना जास्त लागतो, बारके बऱ्याचदा वाचतात. औषधाचं असेल तर उलटं दिसते, बारके आधी जातात, झिंगे आणि किडे तर सगळ्यात आधी, आणि वेळकाळ काही नसते.

वावर_ते_वाडी

बाबांना फोन करून विचारलं. बारके पण मेले, मोठे पण. झिंगे लाल होऊन काठाला पडलेले होते. बेडकाची पिल्लं दिसली नाही. आदल्या दिवशी दुपारी, पाऊस थांबल्यावर, काही मासे एका बाजूला कलंडून पोहत होते असं बाबा म्हणतात, त्यांना वाटलं गढूळ पाण्यामुळे असेल. आणि फवारणीचं म्हणाल तर वरच्या अंगाला शेजारच्या काकाजींचं वावर आहे, त्यांनी झडीच्या तीन दिवस आधी गुलाबी बोंडअळीसाठी प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं मिश्रण मारलं होतं. आमच्याकडे पण आठ दिवसाआधी एक फवारा झाला होता, इमामेक्टिनचा.

तेलंगखेडीकर

मग भाऊ माझ्या मते उत्तर तुमच्या समोर आहे. सायपरमेथ्रिन पायरेथ्रॉइड गटातलं आहे, माणसाला आणि जनावराला त्यातल्या त्यात कमी पण माशाला आणि झिंग्याला जहाल. पाण्यात अगदी थोडं उतरलं तरी पुरते. डब्यासोबत जो बारीक अक्षरातला कागद येतो त्यावर हे लिहिलेलं असते, कोणी वाचत नाही कारण तो कागद फवारणीवाल्याच्या हातात जातच नाही. झिंगे मेले, बारके मेले, मासे कलंडून पोहत होते आणि दिवसा सुरू झालं, हे प्राणवायूचं लक्षण नाही.

शंभर टक्के सांगायला नमुना लागला असता. पुढच्या वेळी, देव करो तशी वेळ न येवो, मासे पुरू नका. ताजे मेलेले चार-पाच मासे अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून बर्फात ठेवा, पाणी काचेच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, प्लास्टिकच्या नको कारण पायरेथ्रॉइड प्लास्टिकला चिकटून बसते, आणि त्याच दिवशी नागपूरला आणा. सडलेल्या माशातून काही निघत नाही.

रसायन_धंतोली

तेलंगखेडीकरांशी पूर्ण सहमत. मी ॲनालिटिकल केमिस्ट्रीत काम करतो आणि मला या विषयावर एवढंच म्हणायचं आहे की मात्रा बघा. इंडियाना राज्यात मक्याच्या पट्ट्यात २१७ ओढ्यांची पाहणी झाली होती, २०१० मध्ये छापून आली. ८६ टक्के ओढ्यांत मक्याचा पाला, कणसं, धांडे सापडले, पण बीटीचं क्राय१एबी प्रथिन पाण्यात मिळालं ते २३ टक्के ठिकाणी आणि तेही लिटरमागे काही नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. एवढ्याशा मात्रेवरून लोकांना घाबरवणं बरोबर नाही. वीस वर्षांहून जास्त काळ आपण बीटी कापूस लावतोय, देशातला ९० टक्क्यांवर कापूस बीटी आहे, मासे मरायचे असते तर सगळे तलाव कधीच रिकामे झाले असते.

पाणपाखरू

आता बसले निवांत. रसायन दादा, तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट तुम्ही सोडली. ती पाहणी कापणीनंतर सहा महिन्यांनी झाली होती आणि तरीही प्रथिन सापडलं. सापडलं म्हणजे धोका असं मी अजिबात म्हणत नाही, पण "पाण्यात जातच नाही" असं जे आधी गृहीत धरलेलं होतं ते चुकीचं ठरलं.

आता तपासतात कसं ते. मूळ सूत्र साधं आहे, धोका किती आहे आणि त्या धोक्याशी गाठ किती पडते, दोन्ही मिळून जोखीम. वाघ धोकादायक आहे पण तो पेंचमध्ये आहे आणि तुम्ही सीताबर्डीत, तर जोखीम नाही. म्हणून आधी प्रश्न मांडतात की आपल्याला काय जपायचं आहे, आणि पीक ते पाणी ही वाट नेमकी कोणती. पराग उडून जातो का, पाला वाहून जातो का, मुळांतून झिरपतं का, की कोणी ते खाद्य म्हणून पाण्यात टाकतं. मग त्या वाटेवर कोण बसलंय ते बघायचं आणि त्याच्यावर प्रयोग करायचा.

प्रयोगाच्या ठरलेल्या पद्धती आहेत. डॅफ्निया नावाचा पाणपिसू घेतात, ४८ तास ठेवतात, किती हलायचे थांबले ते मोजतात, पिल्लं होण्यावर परिणाम बघायचा असेल तर २१ दिवस ठेवतात. मासा असेल तर ९६ तास. पण या सगळ्या पद्धती मुळात रासायनिक औषधांसाठी बनवलेल्या, जी पाण्यात विरघळतात. बीटीचं प्रथिन पाण्यात येतं ते मुख्यतः पाल्याच्या आत बसून. मग पाणी पिणाऱ्याला नाही तर पाला कुरतडून खाणाऱ्याला तपासायला पाहिजे ना? हे साधं तर्काचं आहे आणि यावरून खूप वर्षं भांडण चाललंय.

त्यातलं गाजलेलं प्रकरण सांगते. नाल्यात एक किडा असतो, काडी-कचरा, वाळूचे कण जोडून स्वतःचं नळीसारखं घर बनवतो आणि ते पाठीवर घेऊन फिरतो. कॅडिसफ्लाय म्हणतात त्याला, वाहत्या स्वच्छ पाण्यात दगड उलटा करून बघा, दिसेल. या किड्यांचा गण आणि पतंग-फुलपाखरांचा गण हे उत्क्रांतीत सख्खी भावंडं आहेत. आणि बोंडअळी ही पतंगाचीच अळी. म्हणजे किल्ली बोंडअळीच्या कुलपासाठी बनवली तर भावाच्या कुलपाला थोडीफार लागू शकते ही शंका रास्त आहे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने एका जातीच्या कॅडिसफ्लायला बीटी मक्याचा पाला खायला दिला, वाढ निम्म्याहून कमी झाली. केवढा गहजब झाला तेव्हा! टीका करणाऱ्यांनी म्हटलं की तुम्ही तुलनेला जो बिगर-बीटी मका घेतला तो त्याच वाणाचा नव्हता, मग फरक जीनमुळे की पाल्याच्या कसामुळे हे कळणार कसं. ही टीका मला पटते. नंतर २०१० मध्ये दुसऱ्या गटाने वाळलेल्या पाल्यावर प्रयोग केले, कॅडिसफ्लायवर परिणाम दिसला नाही, दुसऱ्या दोन जीवांवर दिसला पण तो त्यांनी पाल्याच्या गुणधर्मातल्या फरकाचा धरला, प्रथिनाचा नाही.

डॅफ्नियाचं पण तसंच. नॉर्वेच्या लोकांनी २००८ मध्ये बीटी मक्याचं पीठ खाऊ घातलं, डॅफ्निया जास्त मेले. पण डॅफ्निया शेवाळ खाणारा जीव, त्याला नुसत्या मक्याच्या पिठावर जगवलं तर तो आधीच अशक्त, यावरून टीका झाली.

म्हणून रसायन दादा, मी घाबरवत नाहीये. माझं म्हणणं एवढंच की प्रश्न सुटलेला नाही असं म्हणणं आणि विष आहे असं म्हणणं यात फरक आहे, आणि सगळे तलाव रिकामे झाले नाहीत म्हणून किडे सुखरूप आहेत हा निष्कर्ष निघत नाही. किडे मोजले कोणी?

रसायन_धंतोली

मुद्दा मान्य ताई, तलावांबद्दलचं वाक्य मी घाईत लिहिलं. पण मक्याचं जसंच्या तसं कापसाला लावता येईल का? कापसाचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही, मक्याचा उडतो. आणि मक्याचे धांडे तिकडे शेतातच सोडतात, आपल्याकडे पऱ्हाटी उपटून चुलीला नेतात किंवा धुऱ्यावर जाळतात.

पाणपाखरू

अगदी बरोबर, आणि हाच तर माझा आवडता मुद्दा आहे! जोखीम तपासायची तर आपल्या वावरातून तपासली पाहिजे. परागाची वाट आपल्याकडे जवळजवळ बंद. पाल्याची वाट बघू. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, तेव्हा पऱ्हाटी हिरवीगार, पानं झाडावरच असतात. पानगळ खरी होते नोव्हेंबर-डिसेंबरात, तेव्हा नाले आटत आलेले. म्हणजे पाला पडतो तेव्हा वाहून न्यायला पाणी नाही. शिवाय इथल्याच केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं होतं की क्राय१एसी सगळ्यात जास्त पानात असतं आणि पिकाचं वय वाढेल तसं कमी होत जातं, साधारण ११० दिवसांनंतर तर बोंडअळीला पुरेल एवढंही राहत नाही. म्हणजे गळलेल्या पानात आधीच कमी. या दोन्ही गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत, ते मी मोकळेपणाने मान्य करते.

पण एक गोष्ट उलट दिशेची आहे. आपली काळी माती ज्या चिकण खनिजाने बनते, मॉन्टमोरिलोनाईट वगैरे, त्याला ही क्राय प्रथिनं घट्ट चिकटतात आणि चिकटून राहिली की लवकर कुजत नाहीत, कीटकनाशक गुण पण टिकतो, हे प्रयोगात दिसलेलं आहे. पावसात वावरातून जी गढूळ माती वाहते ती शेततळ्याच्या तळाशी गाळ होऊन बसते. मग पाणी तपासून काय मिळणार, गाळ तपासायला पाहिजे आणि गाळात राहणारे किडे बघायला पाहिजेत. अमेरिकेतल्या वाहत्या ओढ्याचं उत्तर काळ्या मातीतल्या साचलेल्या शेततळ्याला मी लावणार नाही.

कापूसकाका_काटोल

पोरांनो चांगलं लिहून राहिले तुम्ही. माझं वय ६७, १९८०-९० च्या दशकातली फवारणी मी या हातानं केली आहे. हिरवी बोंडअळी एवढी माजली होती की एकेका हंगामात दहा-दहा, बारा-बारा फवारे मारायचो, पायरेथ्रॉइड, मोनोक्रोटोफॉस, एंडोसल्फान, जे दुकानदार देईल ते. पंप नाल्यातच धुवायचो. तेव्हा आमच्या नाल्यातल्या मासोळ्या गेल्या त्या कोणी मोजल्या? बीटी २००२ मध्ये आली आणि पहिले काही वर्षं फवारे खरंच कमी झाले. मी डोळ्यानं पाहिलं की नाल्यात झिंगे परत आले. हे बीटीचं पुण्य आहे आणि ते सांगितलंच पाहिजे, जोखीम मोजता तर फायदा पण त्याच तराजूत टाका.

पण मग गुलाबी अळी पचवायला शिकली. आधी गुजरातेत झालं, मग आपल्याकडे, आणि २०१७ मध्ये तर काय हाल झाले सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. आता पुन्हा औषधांचा खर्च बीटीच्या आधीपेक्षा जास्त झाला आहे. म्हणजे तू जे तळं सांगतो ना बाबू, त्यातली मासोळी बीटीनं नाही मेली पण बीटी फसल्यामुळं मेली असं मी म्हणीन. हे तपासणीच्या कागदात कुठं येते का? दहा वर्षांनी अळी तयार होईल आणि मग शेतकरी काय फवारील, ते कोणत्या नाल्यात जाईल, हे कोण लिहिते?

दुसरं. बीटीचं बियाणं रंगीत येते ना, ते इमिडाक्लोप्रिड नावाचं कीटकनाशक लावून येते. ते माशाला थेट मारत नाही म्हणतात पण पाण्यातल्या किड्यांना मारते, आणि ते किडे म्हणजे मासोळीचं खाणं. मग ते बियाण्यासोबत आलं तर ते बियाण्याच्या जोखमीत धरायचं की नाही? माझ्या अडाणी बुद्धीला वाटते धरायला पाहिजे.

आणि मी जानेवारी २०१० च्या बीटी वांग्याच्या जनसुनावणीला गेलो होतो, देशात सात शहरात झाली त्यात आपलं नागपूर होतं. सभागृहात नुसता आरडाओरडा, दोन्ही बाजूचे. मला बोलायचं होतं नाल्याबद्दल, पण माईक काही माझ्यापर्यंत आला नाही. पुढं ९ फेब्रुवारीला स्थगिती आली, ती अजून आहे. वांग्यावर स्थगिती आली पण माझा प्रश्न तसाच राहिला.

पाणपाखरू

काकाजी, तुमचा प्रश्न अडाणी नाही, जगभरातले लोक यावरच वाद घालतात. आपल्याकडे परवानगी जीईएसी देते, जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, पर्यावरण मंत्रालयाखाली, १९८९ च्या नियमांनुसार. आधी अर्ज जातो आरसीजीएमकडे, म्हणजे जैवतंत्रज्ञान विभागातल्या जनुकीय बदलांच्या पुनरावलोकन समितीकडे. मूळ पोस्टमधल्या दादांनी विचारलं होतं की मासोळ्यांचा विचार केला का, तर हो, मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांना खाऊ घालण्याचे प्रयोग झाले होते, बीटी वांग्याच्या वेळी कॉमन कार्पवर झाले. म्हणजे जठर नसलेला मासा निवडला हे चांगलंच. पण त्या प्रयोगाचा प्रश्न असा होता की हे खाद्यात वापरलं तर मासा नीट वाढतो का. नाल्यातल्या साखळीचं काय होतं हा वेगळा प्रश्न आहे आणि खाऊ घालण्याच्या प्रयोगाने त्याचं उत्तर मिळत नाही. काकाजींच्या काळातले फवारे आणि आताचे फवारे दोन्ही धरून, जीन, बियाण्यावरचं औषध, नंतर लागणारं औषध असं सगळं एकत्र तोलायला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

बोडीवाला_भंडारा

मी भंडाऱ्याकडचा, आम्ही पिढीजात मासेमारीवाले. आमच्याकडे कापूस नाही, धान आहे, पण तणनाशकवाली चोर बीटी तुमच्याकडे खुलेआम लागते हे सगळ्यांना माहीत आहे. तिचं काय? तिला तर कोणतीच परवानगी नाही, म्हणजे कोणतीच तपासणी पूर्ण झाली नाही. तिच्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारतात. आम्ही बघतो की जिथं तणनाशक जास्त तिथं बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, काठचं बेडूक कमी. आणि बेडूक नाही तर मुरळ मासोळीला खायला काय? मुरळ तर बेडकाची पिल्लं पण खाते. आमच्या बाजारात मुरळचा भाव सगळ्यात जास्त असते, ते आमचं खरं उत्पन्न आहे. शहरात बसून जे जोखीम ठरवतात त्यांना विचारा की तुमच्या यादीत मुरळ आहे का.

तेलंगखेडीकर

दादा बरोबर बोलले. त्यात एक भर. ग्लायफोसेटपेक्षा त्यात मिसळलेला साबणासारखा पदार्थ, पीओईए म्हणतात, तो बेडकांच्या पिल्लांना आणि माशांना जास्त घातक असतो, माशांच्या कल्ल्यांवर परिणाम करते. अमेरिकेत २००५ मध्ये बेडकांच्या पिल्लांवर याचे प्रयोग गाजले होते. म्हणून डब्यावर मुख्य औषधाचं नाव वाचून भागत नाही, आत अजून काय आहे ते पण बघावं लागते. आपल्याकडे ग्लायफोसेटची शिफारस चहाचे मळे आणि बिगर-पिकाच्या जागेसाठी आहे, कापसासाठी नाहीच. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने फक्त परवानाधारक कीड नियंत्रण करणाऱ्यांनीच मारायचं असा आदेश काढला होता. वावरात काय चालते ते आपण सगळे बघतोच.

आणि ढेपेबद्दल मूळ पोस्टवाल्या भाऊंना सांगतो, सरकीची ढेप देत असाल तर कमी करा. बीटीमुळे नाही, सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य मुळातच असते, देशी कापसात पण असते, ते जास्त झालं की माशाची वाढ खुंटते. शेंगदाण्याची ढेप बरी.

वावर_ते_वाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दसऱ्याला गावी गेलो होतो, मोठेबाबांना कुलूप-किल्लीचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले मग म्हणाले, "म्हणजे आपणच मारली." बाबांना ते फार लागलं. मी म्हटलं आपण एकट्यानं नाही मारली, पण मलाही रात्रभर झोप आली नाही.

शेजारच्या काकाजींकडे पण गेलो, भांडायला नाही. त्यांनी मान्य केलं की पाऊस येणार हे मोबाईलवर दिसत होतं पण मजूर त्याच दिवशी मिळाले म्हणून फवारलं. मजुरांची अडचण आमचीही आहे, मी काय बोलणार. असं ठरलं की फवारायच्या आदल्या दिवशी ते बाबांना फोन करतील. आम्ही तळ्याच्या वरच्या बाजूनं आडवा चर खोदलाय आणि त्याच्या काठानं गवताचा दहा फूट पट्टा ठेवणार आहोत, म्हणजे पहिलं पाणी सरळ तळ्यात न येता बाहेरून नाल्याला... आणि हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की नाल्याला गेलं तर पुढं कोलार नदीला जाईल. म्हणजे खालच्या गावाच्या मासोळ्या. याला काही उपाय आहे का?

दुसरं, माझी पुतणी सावनेरला बीएस्सीला आहे, झूलॉजी घेतलंय, तिला याच्यावर प्रोजेक्ट करायचा आहे. पाणपाखरू ताई, तिला काही सुचवाल का?

तेलंगखेडीकर

चर सरळ नाल्यात सोडू नका. खालच्या टोकाला एक उथळ खड्डा करा, त्यात पानकणीस किंवा जे गवत उगवते ते उगवू द्या, पाणी तिथं थांबलं की माती बसते आणि पायरेथ्रॉइड मातीला चिकटूनच असते, ऊन आणि जिवाणू त्याला हळूहळू तोडतात. पूर्ण थांबणार नाही पण बरंच कमी होईल. त्या खड्ड्यात मासे सोडू नका फक्त.

पाणपाखरू

पुतणीला नक्की करू दे! खर्च काही नाही. मच्छरदाणीसारख्या जाळीच्या पिशव्या शिवायच्या, त्यात वजन करून वाळलेली पानं भरायची आणि पाण्यात सोडायची, दर पंधरा दिवसांनी एक काढून किती पाला उरला आणि आत कोणते किडे आले ते मोजायचं. एक जाळी ५ मिलिमीटरची, ज्यातून किडे आत जातात, आणि दुसरी अर्ध्या मिलिमीटरची, ज्यातून जात नाहीत, म्हणजे किड्यांनी किती खाल्लं आणि आपोआप किती कुजलं हे वेगळं कळतं. पाणी जानेवारीपर्यंत आहे म्हणता, तर नोव्हेंबरात पानगळ सुरू झाली की लगेच लावा.

तुलनेला बिगर-बीटी पाला लागेल आणि इथेच सगळ्यांचं घोडं अडतं. देशी कापूस घेऊ नका, त्याची जातच वेगळी, पानच वेगळं, म्हणजे २००७ वाल्यांचीच चूक परत होईल. पूर्वी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची बिगर-बीटी पुडी यायची, आपले लोक ती धुऱ्यावर फेकून द्यायचे. आता ते बी पाकिटातच मिसळून येतं, म्हणजे तुमच्या वावरातच काही झाडं बिगर-बीटी उभी असणार. ती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत, पान कुस्करून पट्टी बुडवायची किट असते, कापूस संशोधन संस्थेने पण अशा किट बनवल्या होत्या, कॉलेजमार्फत विचारा. पानगळीच्या आधीच तपासून त्या झाडांना लाल चिंधी बांधून ठेवा.

आणि पानं हिरवी तोडू नका म्हणावं, झाडाखाली जुनं धोतर किंवा साडी अंथरून आपोआप गळलेलीच गोळा करा. पिशवी तळाला बसायला पाहिजे, वर तरंगायला नको, आत एक गोटा टाका.